दर गुरुवारचा ओटीपी

वालूर, ता. सेलू
सोमवार, ५ जानेवारी

राजेश्री हिला,

वर नुसतं नाव लिहायचं की मागंपुढं काही लावायचं, यात माझी अर्धी सकाळ गेली. शेवटी नुसतं नाव लिहिलं. आशीर्वादाचं अजून ठरलेलं नाही.

आधी एक समजून घे, हे बोलणं नव्हे. मारुतीच्या पारावर मी बेलभंडार उचलला तो तुझ्याशी बोलणार नाही असा. लिहिण्याबद्दल तेव्हा काही म्हटलं नव्हतं. त्यामुळे शपथही शाबूत आहे आणि मीही. तुझा पत्ता शेजारच्या व्यंकटीनं दिला. नाशिकचा पत्ता त्याच्याकडं कसा, हे विचारायचं गडबडीत राहून गेलं.

मुद्द्याचं लिहितो. सरकारचं दवाखान्याचं कार्ड असतं ना, विम्याचं, ते तुझ्या मायच्या नावानं काढायचं आहे. कार्ड असलं की मोठ्या दवाखान्यात घरचं सोनं मोडावं लागत नाही. कशासाठी काढतोय ते विचारू नकोस. मायचं तसं बरं आहे. पोट दुखतं जरासं. वय झालं की माणसाचं काही ना काही दुखतंच.

मला वाटलं होतं, कार्ड म्हणजे काय, सेंटरवर जायचं, नाव सांगायचं, कागद घेऊन यायचं. मी तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष. सख्ख्या भावांचे बांधाचे वाद एका बैठकीत मिटवलेला माणूस. वेबसाइट म्हणजे काय वाघ आहे का, म्हटलं. राजेश्री, वाघ परवडला. वाघ एकदाच खातो.

गावातल्या सिद्धोधनच्या ऑनलाइन सेंटरवर गेलो तर पडद्यावर एक चक्र फिरत होतं. आम्ही दोघं नवराबायको देवळात बसावं तसे त्या चक्राकडं बघत बसलो. सिद्धोधन म्हणाला, 'अण्णा, सर्व्हर डाउन हाय, उद्या या.' दुसऱ्या खेपेला चक्र थांबलं आणि चित्रं आली. ज्या चौकोनात सिग्नल दिसतो त्यावर बोट ठेवा म्हणे, म्हणजे तुम्ही माणूस आहात हे कळेल. वालुरात सिग्नल कुठला? तुझी माय म्हणाली, 'ह्यो लायटीचा डांबच हाय की,' आणि आम्ही बाद झालो. साठी उलटल्यावर सरकारनं मला माणूस असल्याचा पुरावा मागितला आणि तो मला देता आला नाही. त्यानंतर एकदा सगळं भरून झालं, सिद्धोधननं बटण दाबलं, तर लाल अक्षरांत पाटी आली, 'आपली वेळ संपली आहे.' मी हबकलोच. आजाऱ्याला घेऊन बसलेल्या माणसाला असं कुणी तोंडावर सांगतं का? तुझी माय मात्र हसली.

गेल्या आठवड्यात एकदाची गाडी पुढं सरकली. आधार झालं, रेशनकार्ड झालं, आणि पाटी आली की ओटीपी पाठवला आहे. मी माझा बटणाचा फोन हातात धरून बसलो. तो काही वाजला नाही. सिद्धोधन मान खाली घालून की-बोर्डवरची धूळ पुसायला लागला.

'काय झालं रे?'

'अण्णा, ओटीपी गेला. पण तुमच्याकडं न्हाई गेला.'

'मग कुणाकडं?'

'नंबर राजेश्रीचा हाय. काकूच्या आधाराला तिचाच जोडलाय. तुमच्याबी. आख्ख्या गल्लीच्या.'

अंगावर पाल पडावी तसं झालं मला. मग आठवलं. शाळेत आधारचा कॅम्प लागला होता. गल्लीत फोन एकट्या तुझ्याकडं, कॉलेजला जायचीस म्हणून घेऊन दिलेला. सगळ्यांचे फॉर्म तूच भरलेस आणि मीच म्हणालो होतो, सगळ्यांना आपला एकच नंबर दे, उगं गोंधळ नको. आता बघ. जिचं नाव घरात काढायचं नाही, तिच्याच पदरात साऱ्या घराच्या किल्ल्या.

नंबर बदलून घेतला असता, पण त्याला मायचे अंगठे लागतात. सेलूला नेलं होतं. कापूस वेचून वेचून बोटं अशी झाली आहेत की यंत्र म्हणतं, बोट ठेवा. बाई बोट ठेवून बसली आहे आणि यंत्र म्हणतंय, बोट ठेवा. तिथल्या माणसानं लिंबू चोळा, पुढच्या महिन्यात या, असं सांगितलं. आम्हाला पुढच्या महिन्यापर्यंत थांबायचं नाही.

तेव्हा असं कर. मंगळवारी, १३ तारखेला, भोगीच्या दिवशी, सकाळी आम्ही सेंटरवर बसतो. तू फोन जवळ ठेव. ओटीपी आला की व्यंकटीच्या फोनवर मेसेज पाठव. तो आकडा दहा मिनिटांत मरतो म्हणतात, तेव्हा वेळ लावू नकोस. मला फोन करू नकोस. केलास तरी मी उचलणार नाही.

लिहिणार,
चंद्रभान


वालूर
बुधवार, १४ जानेवारी

राजेश्री,

आज संक्रांत. लोक गावभर गोड बोला म्हणत फिरतायत आणि मी दार लावून हे लिहितोय.

तू काल फोन घेऊन बसली होतीस हे मला मान्य आहे. 'मी तयार आहे' असा तुझा मेसेज व्यंकटीनं दाखवला. तुझ्याकडून काही कमी पडलं नाही. पण आधी झालं काय ते ऐक, मग मी जे विचारणार आहे त्याचा खुलासा कर.

सिद्धोधननं मायचा नंबर टाकला. ओटीपीचं बटण दाबायच्या आधीच पडदा लाल झाला. 'या नोंदीवर वारंवार संशयास्पद प्रयत्न झाल्यामुळे नोंद गोठवण्यात आली आहे.' मी ते तीनदा वाचलं. संशयास्पद! बायनाबाई! जिनं उभ्या जन्मात कुणाच्या झाडाची चिंच तोडली नाही, ती संशयास्पद!

सिद्धोधननं आत कुठं कुठं जाऊन बघितलं आणि त्याचंही तोंड उतरलं. 'अण्णा, काकूच्या नावानं कुणीतरी ओटीपी मागवायलंय. मागवायचा आन भरायचाच न्हाई. लय दिवसांचं चाललंय हे. आन बगा, समदे गुरुवारचेच हायेत.'

गुरुवार म्हणजे आपल्या वालूरचा बाजार. गर्दीत कोण कुठं बसून काय करतो याचा पत्ता लागत नाही. बाहेरगावचा कुणी टोळभैरव असणार, असं मी म्हणालो. सेलूच्या पोलिसांत जातो म्हणालो. हेल्पलाइनला फोन लावला. मराठीसाठी तीन दाबा म्हणाली. तीन दाबलं तर हिंदी बोलली. तुमचा फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे असं सांगून तिनं मला इतका वेळ सनई ऐकवली की माझ्या फोनची बॅटरी गेली.

मी सेंटरमध्ये उभा राहून आरडाओरडा करत होतो. लोक जमले. त्यात तुझी वच्छलाकाकू होती, पगाराचं बघायला आली होती. ती मला समजवायला पुढं आली आणि म्हणाली, 'भावजी, कशाला एवढं डोकं तापवून घ्यायले? माझा ओटीपी तर कालच आला. राजीला फोन लावला का लगीच सांगती ती.'

काकूनं जीभ चावली, पण बाण सुटला होता.

मग एकेकाचं बाहेर पडायला लागलं. व्यंकटीचा गॅस, त्याच्या भावाचा पीकविमा, काकूचा निराधारचा पगार. आख्खी गल्ली तुला फोन करते. वर्षानुवर्षं करते. तू सगळ्यांना ओटीपी सांगतेस आणि प्रत्येकाकडं आमची चौकशी करतेस. मी तुझ्या लग्नानंतर बैठक घेऊन सांगितलं होतं, त्या मुलीशी गल्लीतल्या कुणी संबंध ठेवायचा नाही. माना डोलावल्या होत्या सगळ्यांनी. माझ्याच अध्यक्षतेखाली! पायाखालची जमीन सरकणं कशाला म्हणतात ते मला त्या सेंटरच्या फरशीवर कळलं. सिद्धोधननं खुर्ची दिली आणि चहा मागवला, आणि मी तो प्यालो. त्याच्या हातचा चहा चालतो आणि त्याच्याच जातीचा जावई चालत नाही, असं तू म्हणशील. म्हण.

आता माझा प्रश्न. तुझा नंबर तुझ्या घरात असतो. तिथं तू एकटी नाहीस. हे गुरुवारचे उद्योग सुगतचे तर नाहीत ना? मला डिवचायला? मी त्याच्या बापाला दारातून परत लावला होता, ते तो विसरला नसेल. असेल तर सांग. मी काही करणार नाही, पण आता थांबवा म्हणावं. कारण हा खेळ मायच्या जिवाशी चालला आहे.

मागच्या पत्रात पोट दुखतं एवढंच लिहिलं. पोटात गाठ आहे. परभणीच्या डॉक्टरांनी फोटो काढून दाखवली. काढून टाकली तर बाई बरी होईल, पण उशीर नको म्हणाले. कार्ड आणा, दुसऱ्या दिवशी घेतो, असं स्वच्छ सांगितलं. आणि कार्डाची नोंद गोठली आहे.

चंद्रभान


वालूर
शनिवार, २४ जानेवारी

राजेश्री,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. चारच ओळी. 'सुगत त्या फोनला हात लावत नाही. जुनं सिम मी वेगळ्या फोनमध्ये ठेवलंय आणि कधी बंद पडू दिलं नाही. गुरुवारी दुपारी त्यावर ओटीपी येतो. कोण पाठवतं ते मला माहीत आहे, तुम्हाला माहीत नसेल तर बाजारात जाऊन बघा.'

मला राग आला. अध्यक्षाला कोड्यात घालते म्हणजे काय! पण गुरुवारी मी गेलो. सिद्धोधनकडं नव्हे. बाजाराच्या तोंडाला भक्तीचं झेरॉक्सचं दुकान आहे, ती पण हे ऑनलाइनचं करते. चोर असला तर तिथंच असणार असा माझा कयास. केळीच्या गाड्यामागं उभा राहिलो. गाडेवाला म्हणाला, घ्यायची का? म्हटलं, गप बस, मी कामावर आहे.

तुझी माय आली.

हातात भाजीची पिशवी, दुसरा हात पोटावर. घरून निघताना मला म्हणाली होती, मेथी आणते. दुकानाच्या पायरीवर थांबून तिनं दम घेतला, कमरेची पिशवी सोडली आणि आधार कार्ड काढून काउंटरवर ठेवलं.

'पोरी, ओटीपी सोड.'

भक्तीनं काही विचारलं नाही. रोजचं गिऱ्हाईक असावं तसा तिनं नंबर टाकला. मग तिचा चेहरा पडला. 'मावशी, न्हाई जायला. आज बी लॉक दाखवायलंय.'

'आन येकदा बग की गं माय.'

'बगितलं. न्हाई जात.'

माय तिथंच उभी राहिली. कार्ड पिशवीत टाकायचंही तिला सुचेना. मग म्हणाली, 'तिला वाटंल, मी गेले.' भक्तीला म्हणाली की स्वतःलाच म्हणाली, सांगता येत नाही. मेथी न घेताच घरी परत गेली.

मी केळीच्या गाड्याला धरून उभा होतो. राजेश्री, मी माणसं भांडताना पाहिली आहेत, डोकी फुटताना पाहिली आहेत, पण असा सुन्न मी कधी झालो नव्हतो. नोंद ज्यानं गोठवली तो चोर माझ्याच चुलीपुढं बसून मला रोज भाकरी वाढत होता.

घरी गेलो. मी ओरडलो नाही, हे तुला खरं वाटणार नाही. विचारलं, 'हे कधीपास्नं?'

ती म्हणाली, 'लय दिस झाले. वच्छलाचा ओटीपी गेला का राजीचा फोन वाजतो, आसं वच्छला म्हणली. मंग मला वाटलं, माझाबी वाजंल की. भरायचं काई नव्हतं. निस्ता सोडायचा.'

'मी काय सांगितलं होतं तुला?'

'बोलायचं न्हाई म्हणले व्हते. बोलले का मी? येक शबुद बोलले का? ओटीपी सोडायला तोंड कुठं लागतंय?'

तुझ्या मायनंही त्या दिवशी बेलभंडार उचलला होता, हे तुला बहुधा माहीत नसेल. मीच उचलायला लावला. कशावर ते जाऊ दे. तिनं शपथ अक्षरशः पाळली आणि तिच्यातूनच वाट काढली. आणि मी इकडं शपथ मोडू नये म्हणून तुला पत्रं लिहितोय. एका घरात दोन वकील, आणि एकमेकांना पत्ता नाही.

तिला सांगितलं की तुझ्या या सोडण्यानंच नोंद गोठली, कार्ड अडलं. वाटलं होतं, हादरेल. तर म्हणाली, 'कार्डाचं बगू मागून. आता तिला कळायचं कसं मी हाय म्हून?' मी उठून गोठ्यात गेलो आणि बैलाशी बोलत बसलो.

काकूनं मला आणखी एक सांगितलं. मध्यंतरी एकदा मायला ताप होता आणि ती बाजारात गेली नाही, तर त्याच संध्याकाळी तू काकूला फोन करून विचारलंस, माय कशी आहे. म्हणजे तुझ्याकडं सगळं पोचत होतं. गुरुवार चुकला की तुला कळत होतं. घरात राहून मला कळत नव्हतं.

आता कामाचं. सिद्धोधननं परभणीच्या कार्यालयात चौकशी केली. गोठलेली नोंद सोडवायला दोघं समक्ष लागतात. जिचं कार्ड ती, आणि जिचा नंबर ती. दोघींचे चेहरे एका बैठकीत घेतात. बुधवारी, ११ फेब्रुवारीची वेळ मिळाली आहे. ती गेली तर पुढची वेळ मार्चात, आणि डॉक्टरांनी मार्चचं नाव काढू नका असं बजावलं आहे.

तू यावंस. ही विनंती समज की हुकूम, तुला सोयीचं असेल ते. सुगतला रजा मिळत असेल तर तोही आला तर मी काही म्हणणार नाही. म्हणजे म्हणूच शकत नाही, बोलणार कुठं आहे मी?

आशीर्वाद.

चंद्रभान


परभणी, दवाखाना
शुक्रवार, १३ फेब्रुवारी

राजी,

तू पुढच्या बाकावर पाठ करून बसली आहेस आणि मी मागच्या. सुगत खाली औषधं आणायला गेलाय. ही चिठ्ठी वच्छलाकाकूच्या हाती देतोय. एक्स-रेच्या पाकिटावर लिहितोय, जवळ दुसरा कागद नाही. अक्षर वाकडं येतंय, लावून घे.

बुधवारचं तू पाहिलंसच. पण तू यंत्राकडं बघत होतीस आणि मी तुझ्या मायकडं. तो माणूस म्हणत होता, 'आजी, इथं बघा, डोळे मिचकवा,' आणि ती यंत्राच्या पडद्यावर तुझा चेहरा दिसत होता तिकडं बघत बसली होती. पापणी हलवायला तयार नाही. तो चिडला. शेवटी तिचे डोळे भरून आले तेव्हा पापण्या आपोआप मिटल्या, आणि यंत्राला तेवढं पुरलं. मग चहा निवायच्या आत पडद्यावर हिरवी पाटी आली, 'मंजूर.' इतके दिवस छळून हे असं? मला वाटलं पुन्हा काहीतरी बिघडलं. मी त्याला तीनदा विचारलं. या वेबसाइटनं मला दिलेला सगळ्यात मोठा धक्का तोच.

मग तू तिचा हात धरलास आणि म्हणालीस, 'माय, बोल की गं.' तिनं पदर तोंडात कोंबला आणि मान फिरवली. काल तेच, आज सकाळी तेच. तू वेणी घालून दिलीस, तिनं घालून घेतली, पण शब्द नाही. आणि मघाशी तू काकूला म्हणालीस ते मी ऐकलं. 'तिला माझ्यापेक्षा शपथ मोठी झाली. कार्ड झालं, माझं काम झालं. ऑपरेशन झालं का मी संध्याकाळच्या गाडीनं निघते.'

तू बाहेर आल्यावर आत काय झालं ते तुला माहीत नाही. कार्डाचं बघणारा माणूस कागदावर सही घ्यायला आला होता. तिच्या हाताला सलाइन, तरी उशाखालून आधार काढून तिनं त्याच्यापुढं धरलं. 'साहेब, येक ओटीपी सोडा.' तो म्हणाला, 'मावशी, आता कशाला? सगळं झालंय.' तर म्हणाली, 'झालं असंल. तुमी सोडा.' त्या पोराला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं सोडला. दारातून मला दिसलं, तुझा फोन वाजला, तू बघितलंस आणि पालथा करून मांडीवर ठेवलास.

मागच्या पत्रात मी लिहिलं, कशावर ते जाऊ दे. आता जाऊ देता येत नाही. बेलभंडार तिनं मारुतीपुढं उचलला, पण दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवून. बोलले तर माझं कुंकू पुसलं जाईल, असं मी तिच्या तोंडून वदवून घेतलं. रागात होतो. साऱ्या गावासमोर वदवून घेतलं आणि विसरून गेलो. मला आजवर वाटायचं, ती माझ्या बाजूची आहे म्हणून गप्प आहे. राजी, ती गप्प आहे ती मी जगावा म्हणून. तू बोल म्हणत होतीस तेव्हा तिला वाटत होतं, एक शब्द निघाला की दाराशी उभा असलेला नवरा पडला. मघाशी ती ओटीपी सोडा म्हणाली तेव्हा हे मला कळलं.

मी आत जाऊन तिला म्हटलं, 'बोल तिच्याशी, मी सोडवली तुला.' तर मान हलवते. 'आसा तोंडानं उतरतो व्हय भंडार? आन आज तर मुळीच नको. मी आत चालले. माझ्यामागं तुमाला काई झालं तर कोण हाय बघायला?' पोट फाडून घ्यायला निघालेली बाई, आणि तिला घोर माझा! मी पंचवीस तंटे मिटवले असतील, पण या बाईपुढं माझं काही चाललं नाही.

तेव्हा मी असं ठरवलंय. माझी शपथ मी आधी मोडतो. कर्त्यानं मोडली की त्याच्या बायकोची सुटते, असा काही नियम आहे की नाही मला माहीत नाही. नसेल तर अध्यक्ष म्हणून मी तो आज केला. काही व्हायचं असेल तर ते माझ्या तोंडानं होऊ दे, तिच्या नको. आणि मी बोलून धडधाकट उभा आहे हे तिनं डोळ्यांनी पाहिलं, तर आत जाण्याआधी ती बोलेल. एवढंच मला हवंय. तिथून पुढं काय होईल ते डॉक्टरांच्या हाती.

स्ट्रेचर आलं आहे. तिला आता बाहेर आणतील. हे वाचून झालं तरी जागची उठू नकोस. ती दारात आली की मी तिला दिसेल असा मधोमध उभा राहतो आणि तुला हाक मारतो. तिला ऐकू गेलं पाहिजे म्हणून मोठ्यानं मारणार आहे, दचकू नकोस.

अण्णा